कोल्हापुरात पाणी उतरतंय, शिरोळात चढतंय: कुणाचं खरं धरायचं?

वाडीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी नोकरीसाठी पुण्यात असतो. आई आणि थोरला भाऊ गावी, शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. घर गावठाणाच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी घरात शिरलं होतं. गोठ्यात दोन म्हशी, एक गाय आणि वासरू. पाऊस लागायच्या आत एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे.

दर जुलै-ऑगस्टला हेच होतं. टीव्हीवर पट्टी धावते, "पंचगंगेची पातळी घटली, कोल्हापूरकरांना दिलासा." त्याच तासाला भाऊ फोनवर सांगतो की मळीतलं, म्हणजे नदीकाठच्या रानातलं, पाणी उसाच्या वर आलंय आणि चढतंच आहे. एका पोर्टलवर अलमट्टीतून, म्हणजे कृष्णेवरच्या खालच्या अंगाच्या कर्नाटकातल्या धरणातून, विसर्ग वाढवल्याची बातमी असते, दुसऱ्यावर कर्नाटकाने वाढवायला नकार दिल्याची. दुपारी प्रशासनाचं निवेदन येतं, "परिस्थिती नियंत्रणात आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये." संध्याकाळी त्याच प्रशासनाची गाडी स्पीकर लावून गावातून फिरते, जनावरांसह बाहेर पडा म्हणून. व्हॉट्सॲपवर कोयनेचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ फिरत असतो, तो कुठल्या वर्षाचा कुणालाच ठाऊक नसतो.

भाऊ म्हणतो, सरकारी सांगणं आल्याशिवाय हलायचं नाही. आईला २०१९ ची धास्ती आहे, तिला पहिल्या पावसालाच निघावंसं वाटतं. निर्णय माझ्यावर ढकलतात, कारण "तू शिकलेला, तू बघून सांग." मी बघतो, पण बघून काय ठरवायचं तेच कळत नाही.

"विश्वसनीय स्रोत पाहा" हा सल्ला मला माहीत आहे. दोन्ही स्रोत विश्वसनीय असले आणि तरी जुळत नसले तर काय करायचं? दुसरा प्रश्न त्याच्याच पोटातला आहे. २०१९ च्या पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीमुळे पूर आला नाही असं म्हटलं. आता राज्य सरकारच अलमट्टीची उंची वाढवायला विरोध करतंय. मग सरकारचं कुठलं म्हणणं खरं?

मोजपट्टी यांचं उत्तर

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. पावसाळ्यात आमचं काम म्हणजे बंधाऱ्यांवरून आलेले आकडे उतरवून घेणं आणि वर कळवणं. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या उदाहरणात मुळात भांडण नाही. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत, जागा वेगळ्या आहेत. कोल्हापूरची पातळी म्हणून जी छापतात ती कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. राधानगरी, गगनबावड्याकडे पाऊस थांबला की तिथलं पाणी इंचाइंचाने उतरायला लागतं. तुमच्याकडे मात्र पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेला पुढे वाट नसते. ती तुंबते आणि काठच्या गावांत पसरते. त्या वेळी कोयनेचं आणि वारणेचं पाणी वरून यायचंच असतं. म्हणून कोल्हापूरला दिलासा आणि शिरोळला पाणी हे एकाच दिवशी घडू शकतं. बातमी देणारा खोटं बोलत नाही, तो तुमच्या गावाबद्दल बोलत नाही, एवढंच.

तेव्हा कुठलाही आकडा हातात आला की मी तीन गोष्टी विचारतो: कुठला, किती वाजताचा, कुणी मोजलेला. यातली एकही सापडत नसेल तर तो आकडा निर्णयासाठी वापरत नाही, मग छापणारा कितीही मोठा असो.

"कुठला" याचं आणखी एक उदाहरण देतो, कारण तुमच्या गावाला ते लागू आहे. सांगलीची पातळी म्हणजे आयर्विन पुलाजवळची. तिथे इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. पण वारणा कृष्णेला मिळते हरिपूरला, म्हणजे आयर्विनच्या खाली. वारणेवरच्या चांदोली धरणातून मोठा विसर्ग चालू असेल तर त्यातलं बरंचसं पाणी आयर्विनच्या आकड्यात दिसणारच नाही, तुमच्या दारात दिसेल. म्हणून शिरोळकरांनी आयर्विनपेक्षा खालच्या अंकली पुलाची पातळी बघावी आणि तिच्यासोबत राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग. राजापूर बंधारा तुमच्याच तालुक्यात आहे, कृष्णा महाराष्ट्रातून बाहेर पडतानाचं मोजमाप तिथे होतं.

"किती वाजताचा" यात सर्वांत जास्त गोंधळ होतो. सकाळच्या छापील पेपरातला आकडा आदल्या रात्रीचा असतो. पोर्टलवर बातमीची वेळ दिसते, ती बातमी टाकल्याची वेळ, मोजणीची नव्हे. पावसाचंही तसंच. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. "गेल्या २४ तासांत अमुक मिलिमीटर" हा आकडा दुपारी वाचला तरी सकाळनंतरचा पाऊस त्यात नसतो. दोन बातम्यांत दोन फुटांचा फरक दिसला तर आधी वेळा बघा. एक पहाटेची आणि एक संध्याकाळची निघाली तर तो फरक म्हणजे दिवसभरात चढलेलं पाणी आहे, आणि तीच तुमच्यासाठी सगळ्यात कामाची बातमी आहे.

आकडे लिहिण्यातही घोळ होतो. बंधाऱ्यावर फूट आणि इंच वाचतात. ३९ फूट ७ इंच हे कुणीतरी घाईत ३९.७ फूट असं टाईप करतं. ३९.७ फूट म्हणजे ३९ फूट आणि साधारण साडेआठ इंच. दीड इंच इथे वाढला आणि बातमी झाली की पाणी चढलं. खरी गंमत ११ इंचांची: ३९ फूट ११ इंच हे ३९.११ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं पाणी ३९.७ वरून उतरलं, प्रत्यक्षात ते चार इंच चढलेलं असतं. केंद्रीय जल आयोग मीटरमध्ये देतो, तेही समुद्रसपाटीपासूनची उंची. ते फुटांशी ताडून बघायला जाऊ नका. एकाच ठिकाणच्या एकाच मापाच्या दोन नोंदी घ्या आणि त्यांच्यातला फरक बघा.

आता धरणांबद्दल. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. ११,५७४ क्युसेक सलग २४ तास वाहिले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. हा एक हिशेब पाठ करा, अर्ध्या अफवा तिथेच संपतात. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. कुणी सांगितलं की काल दिवसभर कोयनेतून दोन लाख क्युसेक सोडलं, तर ते सतरा टीएमसीच्या वर झालं, म्हणजे धरणाचा जवळजवळ सहावा हिस्सा. तेवढीच आवक झाली नसेल तर आजच्या साठ्यात ती घट दिसली पाहिजे. साठा, आवक आणि विसर्ग हे तिन्ही आकडे रोज जाहीर होतात. त्यांचा मेळ बसत नसेल तर तिन्हीपैकी एक चुकीचा आहे किंवा वेगळ्या वेळेचा आहे.

कोयनेबाबत आणखी एक. धरणातून पाणी दोन दिशांनी जातं. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला पोफळीकडे वळवलेलं पाणी तुमच्याकडे येत नाही. नदीत येतं ते सहा वक्र दरवाजांमधून आणि पायथा वीजगृहातून. "कोयनेतून विसर्ग सुरू" या मथळ्याखाली फक्त पायथा वीजगृहाचे २,१०० क्युसेक असू शकतात. राधानगरीचे सात दरवाजे तर स्वयंचलित. पाणी ठरावीक पातळीला गेलं की आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. "प्रशासनाने रात्री गुपचूप दरवाजे उघडले" असा मेसेज राधानगरीच्या नावाने आला तर तो पुढे पाठवू नका.

निवेदनांचं काय करायचं ते सांगतो. निवेदनात मोजलेला भाग आणि धीर देणारा भाग शेजारी शेजारी असतात. "सायंकाळी ५ वाजता राजाराम ४१ फूट" हा मोजलेला भाग, तो धरा. "परिस्थिती नियंत्रणात" हे लाखो लोक एकदम रस्त्यावर येऊ नयेत म्हणून लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण तुमच्या गोठ्याचा विचार करून ते लिहिलेलं नसतं. आणि क्रियापद बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही राज्यांचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि येडियुरप्पा यांचं बोलणं झालं आणि अलमट्टीतून पाच लाख क्युसेक सोडायला कर्नाटक राजी झाल्याचं जाहीर झालं. "सोडायला राजी" हे बोलणं झाल्याचं सांगतं. पाणी किती सुटलं हे धरणाचा त्या तासाचा आकडाच सांगतो. मधल्या वेळात दोन्ही प्रकारचे मथळे छापून येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी फसवतंय.

अलमट्टीच्या दुसऱ्या प्रश्नावर नंतर लिहितो, तो वेगळा आहे.

तालुका_वार्ताहर यांचं उत्तर

मोजपट्टी काकांचं बहुतेक पटतं. मी एका दैनिकासाठी तालुक्यातून बातम्या देतो, तेव्हा आमच्या बाजूचंही सांगतो.

आम्ही पाठवतो ती बातमी आणि छापून येते ती, यांच्यामध्ये उपसंपादक आहे आणि मथळा तो देतो. मी "नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात पाणी" असं लिहिलं तर मुंबईच्या वाहिनीवर ते "प्रसिद्ध मंदिर पाण्याखाली, हाहाकार" होतं. वाडीच्या माणसाला माहीत आहे की पावसाळ्यात मंदिरात पाणी येणं दरवर्षीचं आहे, दक्षिणद्वार सोहळ्याला तर लोक मुद्दाम स्नानाला येतात. तेव्हा मथळा सोडून द्या, बातमीचा दुसरा-तिसरा परिच्छेद वाचा. गावांची नावं, बंद झालेले रस्ते, पाण्याखाली गेलेले बंधारे तिथे असतात. बातमीदार स्वतः जाऊन आला का फोनवर घेतली, हेही तिथेच कळतं.

आकडे बदलतात म्हणून बातमी खोटी, असंही धरू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. पहिल्या दिवशी ९ मृतदेह सापडल्याचं सांगितलं गेलं, शोध पुढे चालला तसा आकडा वाढला. त्या दिवशी वेगवेगळ्या वाहिन्यांवर वेगवेगळे आकडे होते, कारण कुणी सापडलेले धरत होतं, कुणी सापडलेले आणि बेपत्ता मिळून. लोकांनी शिव्या दिल्या की आकडा लपवतायत. माझ्या मते अशा वेळी प्रश्न एवढाच विचारावा, हा आकडा कशाचा आहे?

पण काकांशी एका ठिकाणी माझं जमत नाही. मोजलेल्या आकड्यावर थांबायचं हे बरोबर, पण मोठ्या पुरात आकडाच येत नाही. २०१९ ला वीज गेली, टॉवर बंद पडले, बंधाऱ्याकडे जायचा रस्ता पाण्यात. सरकारी पानावर दुपारचा आकडा रात्रीपर्यंत तसाच राहतो. पुण्यात बसलेल्या माणसाला वाटेल पाणी स्थिर आहे. आकडा बदलत नाही याचा अर्थ पाणी थांबलं असा नाही.

मोजपट्टी

हे तुम्ही बरोबर सांगितलंत. वाडीकाठ, जुना आकडा हा आकडा नसल्यासारखाच धरा. नोंद अडकली असेल तर वरच्या अंगाला बघा. कराडचं पाणी, कोयनेचा विसर्ग, चांदोलीचा विसर्ग. तिथे वाढ चालू असेल तर खाली उतार पडणार नाही.

दावण_शिरोळ यांचं उत्तर

दादा, आमची चार म्हशींची दावण आहे आणि डेअरीला दूध घालतो. तुमचा भाऊ म्हणतो सरकारी सांगणं आल्याशिवाय हलायचं नाही. माणसाला हे चालेल, जनावराला नाही. माणूस बोटीतून निघतो, म्हैस बोटीत बसत नाही. टेम्पो रस्त्यावर पाणी यायच्या आत लागतो, आणि त्या दिवशी अख्ख्या गावाला टेम्पो पाहिजे असतो. म्हणून मी जनावरांचा निर्णय आणि माणसांचा निर्णय वेगळा ठेवते. माणसांसाठी खात्रीची बातमी लागते. जनावरांसाठी अर्धी खात्री पुरते. चूक निघाली तर काय, दोन दिवस पाहुण्यांच्या दावणीला वैरण घालावी लागते.

मी बातम्यांपेक्षा कोण काय करतंय ते बघते. एसटीने कुठली फेरी बंद केली, महावितरणने नदीकाठचा डीपी कधी बंद केला, वरच्या शाळेच्या खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या का. हे करणाऱ्याला उद्या वर उत्तर द्यावं लागतं, तो उगाच करत नाही. एनडीआरएफची माणसं आली म्हणून मात्र मी घाबरत नाही, ती आता पावसाळ्यात आधीच येऊन थांबतात.

आणि व्हिडिओबद्दल. जुलैचा म्हणून आलेल्या व्हिडिओत उसाला तुरे दिसले तर तो जुलैचा नाही. तुरा दिवाळीच्या आगेमागे येतो. उसाची उंची, भाताचं रान, माणसांच्या अंगावरचे कपडे हे बघितलं तरी पुष्कळ कळतं. तुमच्या आईला दाखवा, ती तुमच्या आधी ओळखेल.

वाडीकाठ

ताई, जनावरांचा निर्णय वेगळा काढायचा हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. भावाशी आज त्यावर बोललो. त्याची अडचण खात्रीची नव्हती, टेम्पोच्या भाड्याची आणि दूध तुटण्याची होती, ते पहिल्यांदाच बोलला. ते पैसे मी बाजूला काढतो. मामांच्या गावी दावणीला जागा आहे, वैरणीचं आधी ठरवून ठेवू.

काका, अंकली आणि राजापूर या दोन ठिकाणांची सकाळ-संध्याकाळ नोंद वहीत करायला पुतण्याला सांगितलंय, वेळेसकट. अलमट्टीचं राहिलं आहे.

मोजपट्टी

लिहितो. अलमट्टीवर लोक एकमेकांना खोटं ठरवतात, पण तिथे तीन प्रश्न एकत्र कालवले गेलेत.

पहिला, २०१९ चा पूर अलमट्टीमुळे आला का? वडनेरे समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात तसं मानलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली, पूररेषेतली अतिक्रमणं अशी कारणं पुढे आली. या निष्कर्षावर आक्षेप घेणारे अभियंते आणि कार्यकर्ते आहेत, आणि त्यांचे आक्षेप फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागे तुंबून वर पसरणाऱ्या पाण्याच्या, हिशेबाबद्दल आहेत, ते ऐकण्यासारखे आहेत. दुसरा, धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर केली तर पुढे काय होईल? कर्नाटकाला तसा साठा करायची मुभा कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या ब्रिजेश कुमार लवादाने २०१० च्या निवाड्यात दिली आणि महाराष्ट्राचा विरोध याला आहे. एक उत्तर झालेल्या पुराचं, धरण ५१९.६० ला असतानाचं. दुसरं साडेचार मीटर वाढल्यानंतरचं. सरकारने पहिल्याला "नाही" आणि दुसऱ्याला "धोका आहे" म्हटलं तर ती विसंगती ठरत नाही. दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतील. तिसरा प्रश्न, आज रात्री किती पाणी सुटतंय. त्याला पहिल्या दोन्हींशी काही देणंघेणं नाही.

पुढारी बोलतात तेव्हा ते तिन्ही एका वाक्यात घालतात. कर्नाटकातला बोलतो तेव्हा त्याला उंची हवी असते, आपल्याकडचा बोलतो तेव्हा अतिक्रमणांचा विषय मागे पडलेला बरा असतो. बोलणाऱ्याच्या सोयीचं वाक्य खोटंच असतं असं नाही, पण त्याला दुसरीकडून आधार मागावा. मला सगळ्यात वजनदार वाटतं ते माणसाने स्वतःच्या गैरसोयीचं सांगितलेलं. महाराष्ट्राने नेमलेल्या समितीने शेजारच्या राज्याकडे बोट दाखवायची सोय असताना ते दाखवलं नाही, म्हणून मी तो अहवाल गांभीर्याने घेतो. उद्या कर्नाटकाच्या एखाद्या अभ्यासातून फुगवट्याने शिरोळला त्रास होईल असं निघालं, तर त्यालाही मी तेवढंच वजन देईन.

रोजच्या विसर्गाचंही ताडून बघता येतं. राजापूरचा आकडा आपला, अलमट्टीची आवक त्यांची. दोन्ही सारखे यायला हवेत अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. राजापूरच्या खाली दूधगंगा मिळते, पुढे अलमट्टीच्या फुगवट्यात घटप्रभा येते. म्हणून त्यांची आवक आपल्या विसर्गापेक्षा जास्त दिसणं साहजिक आहे, शिवाय पाणी पोचायला वेळ लागतो. पण राजापूर सलग वाढतंय आणि अलमट्टीची आवक दोन दिवस जागची हलत नाही असं दिसलं, तर तिथे प्रश्न विचारायला हवा, आणि मग तो पाटबंधारे विभागाकडे लेखी विचारा.

तालुका_वार्ताहर

लेखी विचारलंत तर त्याची प्रत मलाही द्या. उत्तर आलं तर छापू, महिनाभर नाही आलं तर तेही छापू. आणि पुतण्याची वही पावसाळा संपल्यावर टाकून देऊ नका. पंचनाम्याच्या वेळी घरात पाणी कोणत्या तारखेला शिरलं यावरून तलाठ्याशी वाद होतात, तेव्हा वेळेसकट लिहिलेली नोंद उपयोगी पडते.

दावण_शिरोळ

वहीत आपल्या गावची खूणही लिहा. आमच्याकडे मारुतीच्या पारावर पाणी आलं की अंकलीला किती होतं ते सासऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवलंय. अंकलीचा आकडा आला की पाणी आपल्याकडे कुठवर येईल ते त्यावरून काढतो. तुमच्या घराच्या उंबऱ्याचं २०२१ चं आईला आठवत असेल, पाऊस लागायच्या आत विचारून घ्या.